मदत हवी आहे: एकाच माणसाचं रक्त इतक्या रंगांचं कसं?

नमस्कार. बाबा ७१ वर्षांचे. मागच्या आठवड्यात दोन दिवस त्यांना काळी शौच होत होती. पोट बिघडलं असेल म्हणून आम्ही फार लक्ष दिलं नाही. तिसऱ्या दिवशी बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले. मी साफ करायला गेले तर डांबरासारखं काळं आणि चिकट, दोन बादल्या ओतल्या तरी भांडं सोडेना. वास तर नेहमीचा नव्हताच, गोडसर आणि कुजका, अजून नाकातून जात नाही. दवाखान्यात सिस्टरना नुसतं वर्णन सांगितलं तर म्हणाल्या, "हे रक्त आहे." हिमोग्लोबिन ७ वर आलं होतं. दुर्बिणीतून जठरात अल्सर दिसला. गुडघ्यांसाठी रोज घेतलेल्या पेनकिलरने झाला म्हणाले. आता बाबा घरी आहेत, बरे आहेत.

त्याच दिवशी दंडाला पट्टा बांधून काढलेलं रक्त जांभळाच्या रसासारखं गर्द होतं. मनगटातून काढलं ते लालभडक, आणि सिरिंज आपोआप भरत गेली. सुईच्या जागचा डाग आज हिरवा-पिवळा झालाय. माझ्या बोटांना लागलेल्या रक्ताला मात्र नाण्यासारखा वास. हे सगळं एकच रक्त असेल तर असं का होतं?

दुसरं, आई लोहाच्या गोळ्या घेते, तिलाही काळं होतं. ती फार घाबरली आहे. फरक कसा ओळखायचा?

प्रतिसाद १
मी लॅबमध्ये काम करतो. मनगटातली ती धमनी. तिथलं हिमोग्लोबिन ९५ ते १०० टक्के प्राणवायूने भरलेलं असतं, म्हणून लालभडक. आणि दाब जास्त, म्हणून सिरिंज आपली आपण भरते. प्राणवायू देऊन हृदयाकडे परतणाऱ्या रक्तात तो सरासरी ७०-७५ टक्के उरतो, त्यामुळे ते गर्द. निळं मात्र कधीच नसतं. शिरा निळ्या दिसतात त्या वरच्या कातडीमुळे.
जठरातल्या आम्लाने हिमोग्लोबिन काळं पडतं. पुढे आतड्यातले जंतू ते कुजवतात, तोच तुमच्या नाकात बसलेला वास. यासाठी फार रक्त लागत नाही, अर्धा कपही पुरतं. मूळव्याधीचं रक्त लाल दिसतं, कारण ते अगदी शेवटी मिसळतं.
डागात हिमोग्लोबिन मोडून आधी हिरवं बिलिव्हर्डिन, मग पिवळं बिलिरुबिन होतं. नाण्याचा वास नुसत्या लोहाचा नाही. लोह कातडीवरच्या तेलकटपणाला भिडलं की तो तयार होतो.

प्रतिसाद २
ताई, मी वॉर्डात नर्स आहे. लोहाच्या गोळ्यांनी होतं ते काळपट-हिरवट, बहुधा घट्ट, भांड्याला न चिकटणारं, आणि तो वास नसतो. पण नुसत्या नजरेवर विसंबू नका. चक्कर, धडधड, दम लागणं किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली तर रात्र असली तरी थांबू नका. आईंच्या गोळ्या मनाने बंद करू नका. बाबांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही पेनकिलर देऊ नका.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. आज सकाळी आईने हाक मारून दाखवलं. हिरवट होतं, एका तांब्यात वाहून गेलं, वास नाही. तरी उद्या तिचं हिमोग्लोबिन आणि शौचाची तपासणी करून घेते. बाबांच्या उशाखाली पेनकिलरची आणखी एक पट्टी सापडली, ती माझ्या पर्समध्ये आहे.