मदत हवी आहे: अर्धांगवायूनंतरची आग आणि मेंदूला उत्तेजन, याची सवय लागते का?

नमस्कार. आम्ही सोलापूरचे, पूर्व भागात राहतो. वडील (६४) तीस वर्षं यंत्रमागावर होते. दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. डावा हात-पाय बराच सावरला, पण तीन महिन्यांनी त्याच बाजूला आग सुरू झाली. मिरच्या वाटल्यावर हात भगभगतात तशी, चोवीस तास. पंख्याचा वारासुद्धा सोसत नाही. सोलापूरचा मे महिना आणि घरात पंखा बंद! शर्टाची डावी बाही त्यांनी कात्रीने कापून टाकली आहे.

नसांच्या दुखण्यावरची औषधं झाली: प्रेगाबालिन झालं, अमिट्रिप्टिलिन झालं. गुंगी येते, आग जात नाही. हातात बिघाड नाही, थॅलॅमसला (संवेदनांचे निरोप पुढे पोचवणारा मेंदूच्या आतला भाग) झालेल्या इजेमुळे हे दुखणं आहे असं न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले. आता आरटीएमएस सुचवलंय: डोक्यावर कॉइल धरून चुंबकाच्या जोरावर मेंदूच्या वरच्या थरात बारीक करंट निर्माण करायचा. भूल नाही, चिरफाड नाही.

अडलंय भलतीकडेच. वडिलांनी चाळीस वर्षांची तंबाखू मोठ्या निर्धाराने सोडली. मी १९५४ चा ओल्ड्स आणि मिल्नर यांचा प्रयोग वाचला आणि त्यांना सांगून बसलो. उंदराच्या मेंदूत सुख देणाऱ्या जागी तार, समोर दांडा, दाबला की करंट. उंदीर तासाला शेकडो वेळा दाबतच राहिले. तेव्हापासून "या वयात परत कशाचं व्यसन नको" एवढंच म्हणतात. दुखणं थांबवणारी जागा आणि सुख देणारी जागा एकच असते का?

प्रतिसाद १:
मी फिजिओथेरपिस्ट आहे. दोन्ही यंत्रणांचा एकमेकींशी संबंध आहे, पण त्या एक नाहीत. १९६९ मध्ये रेनॉल्ड्स यांनी उंदरांच्या मध्यमेंदूतल्या करड्या भागाला करंट देऊन, भुलीच्या औषधाशिवाय, त्यांच्या पोटाची शस्त्रक्रिया केली. तिथला निरोप मज्जारज्जूत उतरतो आणि वर येणारी वेदना तिथेच अडवतो. यात शरीराची स्वतःची अफूसारखी रसायनं कामाला येतात. अफूचा परिणाम रोखणारं औषध, नॅलोक्सोन, दिलं की आराम काही अंशी उतरतो. पुढे मेयर आणि लिबेस्किंड या संशोधकांना दिसलं, की वेदना थांबवणाऱ्या काही जागी उंदीर स्वतःहून करंट मागतात, काही जागी अजिबात नाही.

वडिलांची भीती मात्र उडवून लावू नका. दुखण्यासाठी थॅलॅमसमध्ये इलेक्ट्रोड बसवलेल्या एका बाईची नोंद १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली. करंटचं नियंत्रण तिच्याच हातात होतं. दिवसभर ती स्वतःला करंट देत बसायची, घरच्यांकडे आणि स्वतःच्या स्वच्छतेकडेही लक्ष राहिलं नाही. आरटीएमएसमध्ये मशीन दवाखान्यात, वेळ ठरलेली, आणि कॉइल हालचालींच्या केंद्रावर. सुखाची लहर वगैरे येत नाही, टकटक आवाज आणि डोक्यावर टिचक्या. आराम पडला तर हळूहळू पडतो, काही आठवड्यांनी ओसरूही शकतो. सगळ्यांना गुण येतोच असं नाही. आधी कधी फिट आली असेल, डोक्यात धातूची क्लिप किंवा छातीत पेसमेकर असेल तर ते डॉक्टरांना सांगाच.

धागाकर्ता:
ताई, मनापासून आभार. वडिलांना सगळं वाचून दाखवलं. "बटण माझ्या हातात नाही ना?" असं दोनदा विचारलं आणि मग म्हणाले, घे तारीख. झटका आला त्या आठवड्यात त्यांना एकदा फिट आली होती, ते या डॉक्टरांना आम्ही सांगितलंच नव्हतं. उद्या सकाळीच फोन करतो. होकार मिळाला तर पुण्यात दोन आठवडे राहावं लागेल. कुणी पेशंटसोबत असं राहिलंय का? सत्रानंतर रिक्षाचे धक्के झेपतात का, तेवढं लिहा.