मदत हवी आहे: दुब्रोव्निकमध्ये आईला घेऊन राहायचंय, तटबंदीच्या आत की बाहेर?

पारिजातक

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आईला घेऊन क्रोएशियातल्या दुब्रोव्निकला जायचं चाललंय. आम्ही दोघीच. चार-पाच रात्री, सगळा मुक्काम तिथेच. एका दमात चार शहरं उरकायची नाहीत, हे आधीच ठरलंय. राहायची जागा मात्र काही केल्या ठरत नाहीये, म्हणून हा धागा.

आई शाळेत इतिहास शिकवायची. दुब्रोव्निकचं जुनं नाव रागुसा. एका बाजूला व्हेनिस, दुसऱ्या बाजूला ऑटोमन सुलतान, आणि मधल्यामध्ये हे चिमुकलं प्रजासत्ताक सुलतानाला खंडणी भरत, सगळ्यांशी व्यापार करत १८०८ पर्यंत टिकलं. शेवटी नेपोलियनच्या फौजांनी ते बरखास्त केलं. हे मी तिच्याच तोंडून ऐकलंय. १९९१ च्या डिसेंबरात या जुन्या शहरावर तोफगोळे पडले तेव्हाच्या बातम्याही तिला आठवतात. तेव्हापासून तिच्या मनात हे शहर आहे. तिची एकच इच्छा आहे: दिवसाची गर्दी गेल्यावर संध्याकाळी त्या गल्ल्यांमधून निवांत फिरायचं आणि सकाळी उठल्यावर पहिल्यांदा तेच शहर समोर दिसायला हवं. म्हणून तटबंदीच्या आत, म्हणजे जुन्या शहरातच राहावं असं वाटतंय.

अडचण गुडघ्याची. उजव्या गुडघ्याची वाटी बदलून दीड वर्ष झालंय. सपाटीवर ती माझ्यापेक्षा जास्त चालते. कठड्याला धरून जिनाही चढते. उतरताना मात्र त्रास होतो, आणि कठडा नसेल तर ती घाबरते. आतली लहान हॉटेलं आणि गेस्ट हाउस बघितली. फोटो सुरेख आहेत, पण पायऱ्यांचा उल्लेख कुठेच धड नाही. दोन ठिकाणी विचारलं तर "थोड्याच पायऱ्या आहेत" एवढंच उत्तर आलं. थोड्या म्हणजे दहा की सत्तर?

बजेट रात्रीला साधारण १३० युरोपर्यंत, थोडं इकडेतिकडे चालेल. आई शाकाहारी आहे, अंडं चालतं. खोलीत निदान चहा करता यावा. विमानतळावरून सामान घेऊन कसं यायचं, व्हिसाचं काय, हेही कुणी सांगितलं तर फार बरं होईल. पण मुख्य प्रश्न आत की बाहेर हाच.

डोंगरवाट

माझं स्पष्ट मत, बाहेर राहा. आम्ही सासू-सासऱ्यांना घेऊन लापादला, म्हणजे जुन्या शहराबाहेरच्या भागात राहिलो होतो. तिथे समुद्रालगत झाडांच्या सावलीतला सपाट रस्ता आहे, गाड्या येत नाहीत, ज्येष्ठांना फार सोयीचं. ६ नंबरची बस थेट जुन्या शहराच्या पिले दरवाजापर्यंत नेते. हॉटेलांना लिफ्ट असते, आणि त्याच पैशात आतल्यापेक्षा मोठी खोली मिळते. जुनं शहर रोज जाऊन बघता येतं की.

झाग्रेबवासी

@डोंगरवाट, लापाद चांगलंच आहे, पण या आईंना जे हवंय ते तिथे मिळणार नाही. संध्याकाळी सातनंतरचं आणि सकाळी आठच्या आधीचं जुनं शहर हेच खरं बघण्यासारखं असतं. त्या वेळी बसमध्ये बसून परत निघायचं म्हणजे जिवावर येतं. मी कामानिमित्त बरीच वर्षं क्रोएशियात आहे, दुब्रोव्निकला येणंजाणं असतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी शहराची ठेवण बघा. स्त्रादुन हा मधला मोठा रस्ता. फार पूर्वी तिथे पाण्याचा चिंचोळा पट्टा होता, तो बुजवून रस्ता झाला. म्हणजे शहरातला सगळ्यांत सखल भाग तोच, आणि दोन्ही बाजूंना जमीन वर चढत जाते. पण दोन्ही बाजूंचा चढ सारखा नाही, आणि तुमचा निर्णय इथेच होतो.

उत्तरेकडे, म्हणजे सर्ज डोंगराच्या बाजूला, स्त्रादुनला समांतर प्रियेको नावाची गल्ली आहे. तिच्यापर्यंत जायलाच थोड्या पायऱ्या लागतात, आणि तिच्या वर तर गल्ल्या म्हणजे नुसते जिने आहेत, थेट तटापर्यंत. स्वस्त आणि सुंदर खोल्यांच्या बऱ्याचशा जाहिराती याच भागातल्या असतात. फोटोत दिसणाऱ्या फुलांच्या कुंड्या त्या जिन्यांवरच्याच. दगड वर्षानुवर्षांच्या वापरानं गुळगुळीत झालेत आणि बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. आईंसाठी हा भाग पूर्ण वगळा.

दक्षिणेकडे तसं नाही. स्त्रादुन ओलांडलात की ओद पुचा ही गल्ली, गुंडुलिच चौक, बुनिच चौक, कॅथेड्रल आणि रेक्टरचा राजवाडा हा सगळा पट्टा जवळपास सपाट आहे. गुंडुलिच चौकाच्या मागे जेझुइट चर्चकडे जाणारा भव्य जिना लागतो, तिथून पुढे परत चढ सुरू. म्हणजे स्त्रादुन आणि तो जिना यांच्या मधल्या पट्ट्यात घर शोधायचं.

आता घराच्या आतलं. १६६७ च्या भूकंपात शहर उद्ध्वस्त झालं. स्त्रादुनवरची घरं नंतर एकाच ठरावीक पद्धतीनं बांधली: तळाला दुकान, वर राहायची जागा आणि स्वयंपाकघर सगळ्यांत वर, म्हणजे आग लागली तर ती खाली पसरायला नको. आजूबाजूच्या गल्ल्यांमधली घरंही अशीच उभी आणि अरुंद आहेत. आतले जिने लाकडी किंवा दगडी, पण चढ असा की आपल्याकडच्या जुन्या वाड्यातला माडीचा जिना आठवावा. लिफ्ट अगदी तुरळक ठिकाणी. त्यातून तिथला पहिला मजला म्हणजे तळमजल्याच्या वरचा, आणि तळाच्या दुकानाची उंची चांगली दांडगी असते.

म्हणून मालकाला "पायऱ्या आहेत का" असं विचारूच नका, त्याचं उत्तर नेहमी "थोड्या" असंच येतं. विचारा: गाडी जिथे सोडते तिथून इमारतीच्या दारापर्यंत किती पायऱ्या, आणि दारापासून खोलीपर्यंत किती? दोन्ही आकडे वेगवेगळे मागा. कठडा आहे का, उतरताना उजव्या हाताला येतो की डाव्या, तेही विचारा. आईंना उतरायचा त्रास आहे म्हणता, त्यामुळे हे फार महत्त्वाचं. शेवटी फोनवर जिन्याचा एक व्हिडिओ मागवा. बहुतेक घरगुती मालक आनंदानं पाठवतात. टाळाटाळ करणाऱ्याचं घर सोडून द्या.

आणखी एक. इथल्या अधिकृत खोल्यांच्या दारावर निळी पाटी असते, त्यावर 'सोबे' किंवा 'अपार्टमान' असं लिहिलेलं आणि दर्जाचे तारे. सोबे म्हणजे खोल्या. ते तारे सोयींसाठी असतात, जिन्याशी त्यांचा काही संबंध नाही. पोहोचल्यावर मालक पासपोर्ट मागतो, कारण त्याला पाहुण्यांची नोंद सरकारी प्रणालीत करावीच लागते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

सायंतारा

झाग्रेबवासींनी सांगितलेल्या पट्ट्यात आवाजाचं तेवढं बघा. बुनिच चौकातले कॅफे रात्री उशिरापर्यंत चालू असतात, गाणंबजावणंही असतं. दगडी भिंतींमुळे आवाज घुमतो. चौकाकडे तोंड असलेली खिडकी फोटोत छान दिसते, पण झोपेचं खोबरं होतं. मागच्या बाजूची खोली मागा, आणि एसी आहे का ते विचारा, म्हणजे खिडकी बंद ठेवून झोपता येईल.

दुसरा पर्याय प्लोचे. पूर्वेच्या दरवाजाबाहेरचा हा भाग. फ्राना सुपिला रस्ता समुद्राच्या कडेनं जातो, तिथून चालत जुन्या शहरात उतरता येतं, बंदर आणि तट समोर दिसत राहतात. पण तिथेही सावध राहा. पत्ता प्लोचेचा असला तरी घर मुख्य रस्त्याच्या वरच्या अंगाला असेल तर तेच जिने, उलट जास्तच. घर अगदी रस्त्यालगत असेल तरच घ्या.

मांडवीकाठ

राहण्याबद्दल वर सगळं आलंय, मी जेवणाचं सांगतो. शाकाहारी माणसाचं आत राहण्यात एक मोठं सुख आहे. गुंडुलिच चौकात सकाळी बाजार भरतो. अंजीर, द्राक्षं, टोमॅटो, चीज, घरी केलेली साखरेत मुरवलेली संत्र्याची साल. स्वयंपाकाची सोय असलेली खोली घेतलीत तर पोह्यांचं पाकीट आणि हा बाजार यावर निम्मी जेवणं निभतात. बाहेर खाताना 'ब्लित्वा' मागा, बटाटा घातलेली पालेभाजी असते, लसूण आणि ऑलिव्ह तेलातली. ती माशासोबत देतात, पण नुसतीही मिळते. बेकरीत चीज भरलेला बुरेक हा पापुद्र्यांचा पदार्थ मिळतो, मागताना 'सिर' म्हणजे चीज म्हणा, नाहीतर मांसाचा येईल. सूप शाकाहारी समजून घेऊ नका, बऱ्याचदा ते मांसाच्या पाण्यात केलेलं असतं. काळा रिसोटो हा भाताचा प्रकार कटलफिश या समुद्री प्राण्याच्या शाईचा असतो. रविवारी दुकानं बंद असू शकतात, त्यामुळे दूध-ब्रेड शनिवारीच घेऊन ठेवा.

आई इतिहासाच्या आहेत म्हणून हेही सांगतो. दुब्रोव्निकचा रक्षक संत व्लाहो, म्हणजे सेंट ब्लेझ. त्याच संताचं एक जुनं चर्च आमच्या गोव्यात, जुन्या गोव्याजवळ गवंडाळीला आहे. सोळाव्या शतकात रागुसाचे व्यापारी गोव्यात येत होते आणि या चर्चचा संबंध त्यांच्याशी आहे, असं क्रोएशियातले अभ्यासक मानतात. तिकडची मंडळी मुद्दाम बघायला येतात. जाण्याआधी किंवा नंतर आईंना घेऊन या, मी दाखवीन.

रेखांश

व्हिसा. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे आणि चलनही त्याच दिवसापासून युरो. तेव्हा शेंगेन व्हिसा लागेल, आणि सगळा मुक्काम दुब्रोव्निकला असल्यानं अर्ज क्रोएशियाकडेच करायचा. वाटेत दुसऱ्या शेंगेन देशात विमान बदललंत तरी त्यानं फरक पडत नाही. प्रौढांसाठी फी ९० युरो, शिवाय व्हिसा केंद्राचा सेवाआकार. प्रवासविमा किमान ३०,००० युरोचा हवा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तुम्ही उशीर करू नका. हॉटेलचं बुकिंग फुकट रद्द करता येईल असंच करा, आणि त्यावर दोघींचीही नावं पासपोर्टप्रमाणे हवीत.

एक गोष्ट कटाक्षानं लक्षात ठेवा. तिथे गेल्यावर सगळे कोतोर किंवा मोस्तारच्या दिवसाच्या सहली विकतात. कोतोर माँटेनेग्रोत आणि मोस्तार बोस्नियात, दोन्ही शेंगेनबाहेर. तुमच्या व्हिसावर एकच प्रवेश असेल आणि तुम्ही सीमा ओलांडलीत, तर परत क्रोएशियात येता येणार नाही. सामान इकडे आणि तुम्ही तिकडे. जायचं असेल तर अनेक प्रवेशांचा व्हिसा मागा, नसेल मिळाला तर त्या वाटेला जाऊच नका.

पारिजातक

सगळ्यांचे मनापासून आभार. @झाग्रेबवासी, तुमचे प्रश्न जसेच्या तसे पाच ठिकाणी पाठवले. दोघांनी उत्तरच दिलं नाही. "थोड्याच पायऱ्या" म्हणणाऱ्या एका बाईंनी आता मोजून कळवलं: गल्लीत ५८ आणि घरात ३१. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की तुमच्या आईसाठी हे घर नको. गुंडुलिच चौकाच्या मागच्या गल्लीत एक खोली मिळतेय, पहिला मजला, गल्लीत दोन पायऱ्या, आत २४, उतरताना डाव्या हाताला कठडा. मालकानं वर-खाली चालत व्हिडिओ पाठवला. आईनं तो तीनदा बघितला आणि जमेल म्हणाली. भाडं बजेटच्या वर जातंय, पण छोटं स्वयंपाकघर आहे आणि खिडकी आतल्या चौकाकडे आहे. रद्द करता येणारं बुकिंग करून टाकलं. कोतोर-मोस्तार यादीतून काढलं.

@मांडवीकाठ, गवंडाळीचं वाचून आई हरखली आहे. डिसेंबरात नक्की येतो.

आता दोनच शंका. विमानतळावरून कसं यावं? आणि तटबंदीवरून चालणं तिला जमेल का?

झाग्रेबवासी

तटबंदी नको. जवळपास दोन किलोमीटरची फेरी, एकाच दिशेनं जायचं, चढउतार भरपूर आणि मध्ये सावली जवळजवळ नाही. तुम्ही एकट्या सकाळी उघडताच, आठच्या सुमाराला जा. तिकीट महाग आहे. जवळपास त्याच पैशात एक दिवसाचा दुब्रोव्निक पास मिळतो, त्यात तटबंदी, काही संग्रहालयं आणि शहरातली बस येते, तेव्हा तोच घ्या. वरून शहर बघायला आईंना केबल कारनं सर्ज डोंगरावर न्या. १९९१ च्या युद्धात ती उद्ध्वस्त झाली होती, २०१० मध्ये पुन्हा सुरू झाली. लाल कौलांचा सगळा पसारा, तट आणि लोक्रुम बेट एका नजरेत येतं. मात्र तिचं खालचं स्थानक तटाच्या उत्तरेला उंचावर आहे. गावातून बुझा दरवाजानं जायला सरळ जिना चढावा लागतो, त्यापेक्षा पिले दरवाजाहून टॅक्सी करा.

खाली त्यांना बघण्यासारखं पुष्कळ आहे. फ्रान्सिस्कन मठातलं औषधालय १३१७ पासूनचं. स्पोन्झा राजवाड्यात शहराचं जुनं दफ्तर आहे, आणि तळमजल्यावरच्या एका खोलीत शहराचं रक्षण करताना गेलेल्या सैनिकांचे फोटो लावलेत. १९९१ च्या बातम्या त्यांना आठवतात म्हणता, तर तिथे थोडा वेळ द्या. पाऊस पडून गेल्यावर स्त्रादुनचा दगड बर्फासारखा निसरडा होतो, तेव्हा रबरी तळव्याचे बूट हवेतच.

विमानतळ चिलिपीला, वीसेक किलोमीटरवर. विमानाच्या वेळांना धरून बस असते, ती शहरात येताना पिले दरवाजाशी थांबते. तिथून तुमची गल्ली चालत पाच-सात मिनिटं. मालकाला सामान घ्यायला दरवाजाशी बोलवा, आत गाड्यांना मज्जाव आहे. परत जाताना मात्र तीच बस पिलेला थांबत नाही, केबल कारच्या स्थानकापाशी थांबते, आणि तिथवर जायला तोच चढ. म्हणून परतीच्या दिवशी पिले दरवाजाहून टॅक्सी घ्या. आदल्या संध्याकाळी मालकालाच ठरवून द्यायला सांगा.