एकदा सुटला म्हणजे सुटलाच का?

पर्वरीकर: काल इथे एकाने लिहिलं, "निर्दोष सुटला म्हणजे सुटला. बेस्ट बेकरीत फेरखटला कोर्टाने नाही, वर्तमानपत्रांनी दिला." वाचल्यापासून डोकं तापलंय. १ मार्च २००२ ला गुजरातच्या दंगलीत वडोदऱ्यात हनुमान टेकडीवर ही बेकरी जाळली, १४ माणसं मेली. जून २००३ मध्ये तिथल्या कोर्टाने एकवीसच्या एकवीस आरोपी सोडले, कारण साक्षीदार एकामागून एक फितूर झाले. डिसेंबरात गुजरात उच्च न्यायालयाने तेच कायम केलं. १२ एप्रिल २००४ ला सर्वोच्च न्यायालयाने ते सगळं रद्द करून खटला महाराष्ट्रात नव्याने चालवायला सांगितला. सरकारी वकील आरोपीच्या वकिलासारखा वागला, हे त्या निकालात लिहिलंय. अशा खटल्यातून सुटलेल्याला निर्दोष कुठल्या तोंडाने म्हणायचं?

म्हापशेकर: ते मीच लिहिलं होतं आणि मागे घेत नाही. पुढचंही सांगा की. मुंबईत २००६ ला नऊ जणांना जन्मठेप झाली, २०१२ ला मुंबई उच्च न्यायालयाने त्यातले पाच सोडले. मुख्य साक्षीदार मुंबईतही उलटली. त्या पाचांची वर्षं कोण भरून देणार? माझ्या धाकट्या भावाने हे भोगलंय. मारामारीच्या केसमध्ये नाव घुसवलं, सात वर्षं तारखा. सकाळी डबा घेऊन जायचं, बाहेर बाकावर बसायचं, चार वाजता आतून आवाज यायचा, "पुढची तारीख". पासपोर्ट अडकला, बोटीवरची नोकरी गेली. सुटला त्या दिवशी आईने बोडगेश्वराला नारळ ठेवला. त्यानंतर कुणी "परत पहिल्यापासून" म्हटलं असतं तर पोरगा खचला असता. घटनेतलं कलम २०(२) कशासाठी आहे मग?

फोंड्याची वकील: २०(२) एकाच गुन्ह्याची शिक्षा दोनदा होऊ नये म्हणून आहे. अपील म्हणजे दुसरा खटला नव्हे, तोच पुढे चालतो. निर्दोष सोडल्याविरुद्धच्या अपिलात फेरखटल्याचा अधिकार जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३८६ मध्ये होता, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४२७ मध्ये आहे. वर्तमानपत्रांचा काय संबंध?

डिचोलीची मावशी: कलमं राहू द्या गो. साक्ष लिहितात कुठल्या भाषेत ते आधी बोला. इथल्याच एका कोर्टात मी साक्ष दिली. शेजारच्या घरावर माणसं चालून आली तेव्हा मी आमच्या सोप्यावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर, बसून तांदूळ निवडत होते. तसंच सांगितलं. टंकलेखकाने इंग्रजीत काय घातलं? सोफा! उलटतपासणीत वकील विचारतो, "हॉलमधल्या सोफ्यावरून रस्ता कसा दिसला?" मी म्हटलं आमच्या घरात सोफा नाही. तो लगेच म्हणाला, "साक्षीदार जबाब बदलते आहे." मला खोटारडी ठरवलं हो!

पेडणेकर: मावशी, हेच मी १९८७ पासून सांगतोय. गोव्याच्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा, मराठीला सरकारी कामात मुभा. आणि साक्ष मात्र इंग्रजीत!

म्हापशेकर: झालं, आला भाषावाद. माणसांच्या आयुष्याचं बोलतोय मी इथे.

पेडणेकर: तुमच्या भावाच्या केसमध्ये साक्षी कुठल्या भाषेत लिहिल्या ते विचारा त्याला. स्वतःच्या घरावर आलं की आयुष्य, दुसऱ्याचं ते वाद?

म्हापशेकर: भावाला मध्ये आणू नका. एकदाच सांगतो.

पर्वरीकर: त्याला मध्ये आणलं तुम्हीच. त्याने सोसलं ते खरंच वाईट, पण त्याच्या केसमध्ये साक्षीदारांना कुणी धमकावलं नव्हतं. २०१२ ला ज्या चौघांची शिक्षा टिकली ती बेकरीतल्या जखमी कामगारांच्या साक्षीवर. अंगावर घाव असलेल्या त्या माणसांना कोर्टापुढे नीट बोलता आलं ते मुंबईत. आपल्या दारात पहाटे सायकलवरून पाव घेऊन येणाऱ्या पोदेरासारखीच भट्टीवर राबणारी माणसं ती. त्यांनी दाद कुठे मागायची होती?

म्हापशेकर: कामगारांचा मुद्दा मानतो. वडोदऱ्यात झालं त्याला खटला म्हणता येणार नाही, आणि वर्तमानपत्रांचं वाक्य मी चिडून लिहिलं. पण प्रत्येक राजकीय केसमध्ये हाच दाखला काढून सुटलेल्या माणसाला परत ओढू नका, एवढंच म्हणणं आहे. यापुढे मी हटणार नाही.

फोंड्याची वकील: ओढत नाहीतच. फेरखटला अपवाद म्हणूनच देतात. मावशी, ती चूक दुरुस्त झाली का? जबाब वाचून दाखवतात तेव्हाच हरकत घ्यायची असते.

डिचोलीची मावशी: वाचला तो इंग्रजीत, बाय. मी मान हलवली आणि सही केली. कागदावर अजून सोफाच आहे.