नागरिकत्वाची परीक्षा दिलीत? आत काय झालं ते इथे सांगा

मंडळी, ओळखीतल्या काही घरांत सध्या सिटिझनशिपच्या टेस्टची तयारी चालू आहे. नियम सरकारी वेबसाइटवर मिळतात. पण खोलीत काय विचारतात, कशावर अडतं, आई-बाबांचं कसं निभावलं, हे परीक्षा देऊन आलेल्यांकडूनच कळतं. देश कुठलाही चालेल. सुरुवात मी करते.

धागाकर्ती (न्यू जर्सी)

माझी मुलाखत जुन्या पद्धतीची. १०० प्रश्नांची यादी उत्तरांसकट जाहीर असायची, त्यातले जास्तीत जास्त १० तोंडी विचारायचे आणि ६ बरोबर आले की पास. माझे पहिले सहाही बरोबर आले, ऑफिसर तिथेच थांबला. पाठ केलेली घटनेची सगळी दुरुस्तीकलमं वाया गेली म्हणून जरा वाईटच वाटलं! इंग्रजीचं एक वाक्य वाचायचं, एक लिहायचं, प्रत्येकाला तीन संधी. यात आपल्यापैकी फारसं कुणी अडत नाही.

वेळ जातो तो एन-४०० वर, म्हणजे नागरिकत्वाच्या अर्जावर. ऑफिसर तो समोर घेऊन बसतो आणि जवळजवळ ओळीने जातो. पत्ते, नोकऱ्या, टॅक्स, मागच्या पाच वर्षांत २४ तासांपेक्षा जास्त काळ देशाबाहेर राहिलेली प्रत्येक खेप. कॅनडात मुक्काम करून पाहिलेला नायगारासुद्धा त्यात येतो, आणि तोच लोक विसरतात. मग 'तुम्ही कधीही...' ने सुरू होणारे प्रश्न: कधीही अटक, कधीही खोटी माहिती, कधीही कम्युनिस्ट पक्षाचं सभासदत्व, कधीही वंशसंहारात सहभाग. सरळ चेहऱ्याने नाही, नाही म्हणत राहायचं. पण अधूनमधून 'म्हणजे काय, सांगा बरं' असंही विचारतात. तेव्हा यादीबरोबर अर्जातले अवघड शब्दही वाचून जा.

टेक्सासकर

वरच्याला दुजोरा. आमच्या वेळच्या अर्जात तुम्ही कुठल्याही संस्थेचे, क्लबचे सभासद आहात का, असा प्रश्न होता. मी इमानदारीत महाराष्ट्र मंडळ लिहिलं. ऑफिसर बाई थबकल्या. हे मंडळ करतं काय? म्हटलं, गणपती बसवतो, नाटकं करतो, जेवतो. राजकीय आहे का? म्हटलं, निवडणुकीच्या वर्षी भांडणं होतात, पण ती अध्यक्षपदावरून. हसल्या आणि पुढे गेल्या. त्या अर्जात नंतर बदल झाले आहेत, तेव्हा ताजी आवृत्तीच बघा. स्पीडिंगची तिकिटं आठवून ठेवा, आणि कोर्टाचा कागद असेल तर बरोबर न्या.

लेकीची आई, आईची लेक

मी आईबद्दल लिहिते. ६५ च्या पुढे वय आणि २० वर्षांचं ग्रीन कार्ड असेल तर इंग्रजीची परीक्षा माफ आणि प्रश्न आपल्या भाषेत. यादीही छोटी, खुणा केलेले २० प्रश्न. विचारतात १०, हवे ६. दुभाषी आपणच न्यायचा असतो. आम्ही घरातलं माणूस न नेता ओळखीच्या एका बाईंना नेलं, उगाच शंकेला जागा नको.

आईने 'वीस अपेक्षित' म्हणून वही केली, दहावीला आमच्यासाठी करायची तशी, लाल शाईत शीर्षकं. लिंकनने काय केलं? 'गुलामांना मुक्त केलं, आणि बिचाऱ्याला मारलं.' स्वातंत्र्यदेवीचा पुतळा कुठे आहे? आई म्हणाली, 'न्यू जर्सीहून दिसतो तो.' दुभाषी बाईंनी शब्दशः इंग्रजी केलं. ऑफिसर म्हणाला, न्यू जर्सी हे उत्तरही चालतं. आणि खरंच, त्या यादीत ते मान्य उत्तरांत छापलेलं होतं! बाहेर आल्यावर आईचा राग एकच: उरलेले प्रश्न का नाही विचारले, मला येत होते.

वाचक

बाबांचं वय ६१, ग्रीन कार्डाला १६ वर्षं झाली. त्यांना मराठीत देता येईल का?

लेकीची आई, आईची लेक

हो. ५५ पूर्ण आणि १५ वर्षं ग्रीन कार्ड, किंवा ५० पूर्ण आणि २० वर्षं, असं असेल तर इंग्रजी माफ. पण छोटी यादी त्यांना मिळणार नाही, पूर्ण यादीच करावी लागेल.

कॅलिफोर्नियाहून

आणि आता 'पूर्ण यादी' म्हणजे १०० नाही. २० ऑक्टोबर २०२५ पासून ज्यांनी अर्ज भरला त्यांना १२८ प्रश्नांची यादी आहे. २० पर्यंत विचारतात, १२ बरोबर हवेत. १२ झाले की थांबतात, ९ चुकले तरी थांबतात. मुलाखतीची तारीख नाही, अर्जाची तारीख धरतात. व्हॉट्सॲपवर फिरणारी जुनी पीडीएफ कृपया पुढे ढकलू नका. गव्हर्नर, सिनेटर, हाउसचा (संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचा) स्पीकर यांची नावं मुलाखतीच्या आठवड्यात पुन्हा तपासा. नापास झालात तर ६० ते ९० दिवसांत पुन्हा बोलावतात आणि जे राहिलं तेवढंच घेतात.

लंडनजवळची

आमच्याकडे 'लाइफ इन द यूके'ला समोर माणूस नाही, कॉम्प्युटर. ४५ मिनिटं, २४ प्रश्न, १८ बरोबर हवेत. केंद्रात घड्याळ, मोबाइल बाहेर. पुस्तक मात्र अख्खं वाचावं लागतं: आठव्या हेन्रीच्या सहा बायका क्रमाने, कुठली लढाई कुठल्या साली. माझं प्रामाणिक मत, जन्मापासून इथे असलेल्या माझ्या शेजारणीला यातलं निम्मं येत नाही. एक पान आवडलं: शेख दीन मोहम्मद यांनी १८१० मध्ये लंडनमध्ये भारतीय जेवणाचं पहिलं हॉटेल काढलं, आणि चंपी इंग्लंडमध्ये नेली तीही त्यांनीच. नापास झाल्यास सात दिवस थांबून पुन्हा पैसे भरायचे. ६५ च्या पुढच्यांना ही टेस्ट नाही.

म्युनिकवाला

जर्मनी: ३३ प्रश्न, त्यातले ३ तुमच्या राज्याचे, १७ बरोबर पुरे, एक तास, २५ युरो. तुम्हाला लागू असलेले सगळे ३१० प्रश्न आधीच खुले. यात कुणी नापास झाल्याचं मी ऐकलेलं नाही. घाम काढते ती बी-१ म्हणजे मध्यम पातळीची जर्मन भाषा. २७ जून २०२४ पासून जर्मनी मूळ नागरिकत्व सोडायला लावत नाही, पण म्हणून खूश होऊ नका, भारत दुहेरी नागरिकत्व देत नाहीच.

टेक्सासकर

यावरून आठवलं. पास झालात म्हणून लगेच भारताची तिकिटं काढू नका. शपथविधीला ग्रीन कार्ड काढून घेतात, हातात उरतं फक्त सर्टिफिकेट. अमेरिकन पासपोर्ट त्यावर मिळवायचा, भारतीय पासपोर्ट परत करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं, मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड. यात महिने जातात. गावाकडे जमीन असणाऱ्यांसाठी: ओसीआयवाल्याला शेतजमीन वारशाने मिळू शकते, विकत घेता येत नाही. त्यामुळे भावकीशी काही व्यवहार करायचा असेल तर शपथेच्या आधी वकिलाशी बोला. माझ्या मेव्हण्याचा सातबारा अजून तलाठ्याकडे फिरतोय.

धागाकर्ती

सातबाऱ्यासाठी वेगळा धागा काढते. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियावाले, तुमची वाट बघतेय.