नवीन गाडीची कुरकुर आणि शोरूमचा आग्रह : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. दसऱ्याला गाडी घेतली, 740 किलोमीटर झालेत. गतिरोधकावरून गेलं की डाव्या बाजूला, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे कुठेतरी 'टिक-टिक' वाजतं. बायकोनं तिथे हात दाबून धरला की बंद! आता दर वेळी तिला हात धरून बसवायचं का? सर्व्हिसवाले म्हणतात, "साहेब, प्लास्टिक आहे, सेट होईल." खरंच होतं का, की पहिल्या सर्व्हिसला जॉबकार्डवर लिहूनच घ्यावं? गाडी दणके फार देत होती, ते मात्र सुटलं. टायरमध्ये 42 हवा होती, दाराच्या पट्टीवर 33 लिहिलंय, तेवढी केली.

दुसरं, शोरूमवाले आग्रह करताहेत ते अंडरबॉडी कोटिंग, म्हणजे गंज लागू नये म्हणून गाडीच्या खालून मारायचा थर. आम्ही रत्नागिरीचे, गाडी उघड्यावर, खारा वारा. कोटिंग करावं असं वाटतं, पण पाण्याच्या निचऱ्याची भोकं बुजवून ठेवतात अशी भीती आहे. कोणाला अनुभव? टेफ्लॉनला (रंगावरच्या चकाकीच्या थराला) मी नाहीच म्हटलंय. वाढीव वॉरंटी घेणार. रिव्हर्स कॅमेरा बाहेरून बसवला आणि वायर कापली तर वॉरंटीला अडचण येते का? वायर न कापता नुसता जोडायचा, कपलरवाला मिळतो म्हणे. रत्नागिरी-चिपळूणकडे बसवून देणारा खात्रीचा माणूस असेल तर कळवा.