वाड्यावस्त्यांना गटारयोजना हवी, की टाक्या उपसण्याची सेवा?

ओलावा (धागाकर्ता):
नगरपालिकेच्या हद्दीत खेडी आणि वाड्यावस्त्या आल्या की आराखड्यात पहिली रेघ ओढली जाते ती गटाराची. शहरातली मलवाहिनी लांबवायची आणि टोकाला मोठे सांडपाणी प्रक्रिया केंद्र बांधायचे. विरळ वस्तीत हा पैसा अक्षरशः मातीत जातो, असे माझे ठाम मत आहे.

मलवाहिनी साफ राहायला वाहते पाणी लागते. दिवसातून एकदा तरी सेकंदाला साधारण ०.६ मीटर वेग मिळाला नाही, तर मैला तळाला बसतो. घरे लांब लांब आणि पाणी मोजके असलेल्या ठिकाणी चेंबरचे झाकण उचलून पाहा. मैला वाळून चिकटलेला असतो आणि पाण्याची बारीक धार त्याच्या कडेने वाट काढत असते. सपाट जमिनीवर उतार राखायला नळी खोल खोल न्यावी लागते, मग पंप आला, वीजबिल आले.

त्यापेक्षा घरोघरी नीट बांधलेली सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा, किंवा दोन खड्ड्यांचे शौचालय, आणि ठरल्या मुदतीने येणारा उपसा टँकर द्या. टाकी कधी उपसायची हे कळणे सोपे आहे. लांब काठीला पांढरे फडके गुंडाळून तळापर्यंत सोडायचे, जरा थांबून सावकाश वर काढायचे. फडक्यावर खालून जेवढा काळा पट्टा उमटेल, तेवढा गाळ. गाळ आणि वरची साय मिळून टाकीचा तिसरा हिस्सा भरला की उपसा करायचा. लोक टाकी तुंबून अंगणात पाणी येईपर्यंत झाकण उघडत नाहीत, पण त्यांना दोष कसा देणार? बोलवायचे कुणाला, हेच कुणी ठरवलेले नसते.

उतरण:
पूर्ण असहमत. सेप्टिक टाकी म्हणजे प्रक्रिया नव्हे. तिच्यातून सेंद्रिय भार (पाण्यातली कुजणारी घाण) फार तर ३० ते ५० टक्के कमी होतो, रोगजंतू बहुतांशी तसेच बाहेर पडतात. पुढचे काम मातीने करायचे असते. खाली भेगांचा खडक असेल किंवा पावसाळ्यात भूजल वर येत असेल, तर ते पाणी थेट विहिरीत जाते. नायट्रेट तर चांगली मातीही अडवू शकत नाही. २०१० साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वच्छता हा मानवी हक्क मानला. शहराला गटार आणि खेड्याला खड्डा, ही वाटणी मला मान्य नाही.

शिवाय गटार म्हणजे खोल आणि महागच, हेही खरे नाही. ब्राझीलमध्ये १९८० च्या दशकापासून घरांच्या मागच्या अंगणांतून उथळ, कमी व्यासाच्या नळ्या टाकल्या गेल्या. पुढे राजधानी ब्राझिलियातही हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली. कोणाच्या अंगणातून नळी जाणार, हे शेजारी मिळून ठरवतात.

कोरडा खड्डा:
उतरण, उथळ नळीचे पटले, पण ती घरे चिकटून असतील तिथेच. शेतात एकेकटे घर असेल त्याचे काय? दोन खड्ड्यांचे शौचालय तिथे उत्तम. एक खड्डा भरला की बंद करून दुसरा वापरायचा. बंद खड्डा दीड-दोन वर्षे तसाच राहू द्या. जंताची अंडी फार चिवट असतात, सहा महिन्यांत उकरलेल्या मैल्यावर भरवसा ठेवू नका. खड्ड्याचा तळ मात्र भूजलाच्या सर्वोच्च पातळीपासून निदान दोन मीटर वर हवा.

ओलावा:
विहिरींबद्दल उतरण यांचे म्हणणे खरे आहे, मी ते पहिल्या प्रतिसादातच लिहायला हवे होते. भूजल उथळ, घरे दाट आणि पिण्याची विहीर शेजारी असेल, तर शोषखड्डा नकोच. तिथे उथळ नळी आणि वस्तीच्या खालच्या अंगाला सांडपाणी शुद्ध करणारा पाणवनस्पतींचा वाफा करावा. जागा जास्त लागते, पण वीज जवळपास लागत नाही.

हक्काच्या मुद्द्यावर मात्र मी मागे हटणार नाही. पंप बंद पडलेले प्रक्रिया केंद्र कुणाचाही हक्क पुरा करत नाही. मी एका उपसा टँकरबरोबर दिवसभर फिरलो आहे. चालकाने दुपारी टाकी भरली आणि गाडी सरळ ओढ्याकडे वळवली. विचारले तर म्हणाला, "दुसरीकडे कुठे नेऊ? जागाच दिलेली नाही." तो माणूस हातमोज्यांशिवाय नळी धरत होता. आराखड्यात त्याच्यासाठी एक ओळही नव्हती. म्हणून माझा आग्रह असा, की गाळाचे वाळवण-वाफे कुठे असतील, टँकरला एक खेप किती लांब पडेल आणि त्या खेपेचा खर्च कोण देईल, हे नळीची निविदा काढण्याआधी ठरले पाहिजे.

उतरण:
ओढ्याचा प्रसंग वाचून अस्वस्थ झालो. वाफ्यांची जागा आधी नकाशावर दाखवा, मग विरळ घरांसाठी टँकरच्या बाजूने मीही बोलेन. विहिरीलगतच्या दाट गल्लीत मात्र नळीच हवी, आणि ती पहिल्या वर्षी.