सिउदाद रेआल की ॲटलेटिको माद्रिद? हँडबॉल करंडकांचा हिशोब लागत नाहीये

तक्तेवाला
युरोपियन हँडबॉल विजेत्यांचा तक्ता करतोय. एका यादीत सिउदाद रेआल या स्पॅनिश क्लबची ३ चॅम्पियन्स लीग विजेतेपदं आहेत, दुसरीत तीच ॲटलेटिको माद्रिदच्या नावावर. शिवाय ॲटलेटिकोपुढे ११ स्पॅनिश लीग विजेतेपदंही दिसतात. क्लब एक की दोन?

सातमीटर
नाव एक, क्लब दोन. सगळा घोळ तिथेच होतो. तक्त्यात तीन ओळी करा.

जुना ॲटलेटिको म्हणजे फुटबॉल क्लबचाच हँडबॉल विभाग. ती ११ लीग विजेतेपदं त्याची. १९८५ च्या युरोपियन कप (चॅम्पियन्स लीगचं जुनं नाव) अंतिम फेरीत तो युगोस्लाव्हियाच्या मेटालोप्लास्टिका क्लबकडून हरला आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडला.

सिउदाद रेआल १९८१ चा, स्पेनच्या ला मांचा भागातला. लीग ५ वेळा: २००४, मग २००७ ते २०१० सलग चार. कप विनर्स कप (युरोपातली दुसरी स्पर्धा) २००२ आणि २००३. चॅम्पियन्स लीग २००६, २००८, २००९, तिन्ही तालांत दुयशेबाएव प्रशिक्षक असताना. (हंगाम २००३-०४ असेल तर वर्ष २००४ धरा, नाहीतर एकच करंडक दोनदा मोजला जातो.)

२०११ मध्ये अध्यक्ष दोमिंगो दियास दे मेरा यांनी हाच संघ माद्रिदला हलवला आणि फुटबॉल क्लबशी करार करून ॲटलेटिकोचं नाव घेतलं. प्रशिक्षक तोच, लीगमधली जागाही तीच. म्हणून ही तिसरी ओळ सिउदाद रेआलच्या खाली जोडा, जुन्या ॲटलेटिकोच्या खाली नाही. ११ आणि ५ मिळून १६ लिहिलंत की तक्ता चुकला.

डावा_विंगर
सिउदाद रेआल आणि जर्मनीचा कील यांच्यातली २००९ ची चॅम्पियन्स लीग अंतिम फेरी नोंदवताना दोन्ही सामने लिहा, नुसती बेरीज नको. कीलमध्ये ३९-३४ ने हार, म्हणजे ५ गोलांची पिछाडी. घरी ३३-२७ ने जिंकले. एकूण ६७-६६.

वाचणाऱ्याला वाटतं की ६ गोलांनीच जिंकणं भाग होतं. तसं नव्हतं. एकूण गोलांत बरोबरी झाली तर बाहेरच्या मैदानावरचे गोल मोजायचे, आणि सिउदाद रेआलचे तिथे ३४ होते. ३३-२८ झालं असतं तरी करंडक त्यांचाच. कीलमध्ये हरतानाही ३४ गोल मारून ठेवले, त्याचं मोल एवढं मोठं! आदल्या वर्षी याच्या उलट: घरी २७-२९ ने हरून कीलमध्ये ३१-२५ ने जिंकले. माझ्या मते तो विजय जास्त अवघड होता.

तक्तेवाला
आता उलगडलं, आभार. २०१२ चा कोलोनमधला अंतिम सामना तिसऱ्या ओळीत ना? त्याला एकच निकाल दिसतोय.

सातमीटर
हो, कीलने २६-२१ ने हरवलं. २०१० पासून कोलोनमध्ये 'फायनल फोर' (शेवटचे चार संघ एकाच ठिकाणी) सुरू झाली, त्यामुळे अंतिम फेरीत घरचा-बाहेरचा सामना हा प्रकारच राहिला नाही. तो रकाना रिकामा ठेवा. २०११ चा बार्सिलोनाकडून २४-२७ पराभव मात्र सिउदाद रेआलच्याच ओळीत, स्थलांतर त्यानंतरचं.

तिसऱ्या ओळीत कोपा देल रे (स्पॅनिश करंडक) २०१२ आणि २०१३ घाला. सुपर ग्लोब (क्लबांची जागतिक स्पर्धा) विभागून लिहा: २००७, २०१० सिउदाद रेआल, २०१२ ॲटलेटिको. २०१३ च्या उन्हाळ्यात पैशाअभावी क्लब बंद झाला, ओळ तिथेच संपते.